उलटं झाड

“सकाळपासून काही खाल्लंय का गं बाळा?” भूल देणाऱ्या तेजस्वी मॅडमनी विचारलं, आणि माझी नऊ वर्षांची सौंदर्या, अंगात दवाखान्याचा हिरवा झगा, मनगटाला सुई चिकटवलेली, अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली, “न्हाय. मी काय खाल्लो न्हाय. फक्त परसाद.”

कोल्हापूरच्या पोरी अशाच मुलग्यासारख्या बोलतात. मॅडम इथल्याच, त्यांना त्याचं काही वाटलं नाही. पण त्यांचा लिहिता हात थांबला. “कसला प्रसाद?” “जोतिबाचा. खोबरं.” “केवढं?” सौंदर्यानं अंगठा आणि बोट लांब करून दाखवलं, मग आजीकडं बघून थोडं जवळ आणलं, मग खरं बोलायचं ठरवून पुन्हा लांब केलं. माझ्या आत काहीतरी लटकून थांबलं. जत्रेतला पाळणा अगदी वर गेल्यावर वीज जावी, तसं. खाली पडत नाही, पण खाली येतही नाही. घरात मी सगळा बंदोबस्त केला होता. बिस्किटांचा डबा माळ्यावर, दुधाचं पातेलं कडीकुलपात, नवऱ्याला दम दिलेला की पोरीसमोर चहासुद्धा प्यायचा नाही. घरातल्या माणसांवर लक्ष ठेवलं, देवावर ठेवायचं राहिलं. माझी सासू महादेवी, जिला आम्ही सगळे अव्वा म्हणतो, काल जोतिबाला जाऊन आली होती, आणि पहाटे मी आंघोळीला गेल्यावर तिनं नातीला उठवून कपाळाला गुलाल लावला आणि तोंडात खोबऱ्याची वाटी मोडून घातली. चोरून नव्हे हं. अव्वाच्या हिशेबात ते खाणं नव्हतंच. सोमवारी कडक उपास धरते आणि वाटेतल्या प्रत्येक देवळात हात पुढं करते, संध्याकाळी पुन्हा ‘सकाळधरनं पोटात कायबी न्हाय’ म्हणते, आणि ते तिच्यापुरतं शंभर टक्के खरं असतं.

“परसाद काय खाणं हाय व्हय?” ती आत्ताही म्हणाली, जरा मोठ्यानंच. “देवाचं हाय त्ये.” मॅडम हसल्या, पण हात काही त्यांचा पुढं सरकला नाही. “आज्जी, देवाचं हाय हे देवाला कळतंय. पोटाला न्हाय कळत. भूल दिली की पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातंय. खोबरं म्हंजे तेल, ते तर लवकर हलत पण न्हाय.” मग माझ्याकडं वळून, “आई, आता दुपार टळेपर्यंत मी हिला हात लावणार नाही. सरांना विचारते थांबतील का.” सर म्हणजे पुण्याचे डॉक्टर. लहान मुलांच्या पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांतून दुर्बिणीनं काम करणारी माणसं आपल्याकडं फार नाहीत. हे महिन्यातून एकदा इथं येतात, रांगेतली सगळी कामं उरकतात आणि संध्याकाळी परत जातात. आज नाही झालं तर पुढचा महिना. आणि पुढच्या महिन्यापर्यंत तिचं पोट गप्प बसेल असं कोण सांगणार? दुखण्याचा प्रत्येक झटका त्या पिंडाचा थोडा तुकडा खाऊन जातो. गेलेला तुकडा परत उगवत नाही. शांत आहे तोवरच आत जायचं, असं त्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं. आत्ता शांत होतं. आत्ता.

निरोप आला तो असा, की मोठ्या माणसांची कामं आधी घेतो, हिला शेवटी ठेवू, वेळ उरला तर. वेळ उरला तर! हे तीन शब्द घेऊन आम्ही वरच्या मजल्यावरच्या बाकावर येऊन बसलो. नवरा, मल्लेश, लक्ष्मीपुरीतलं भुसारी दुकान आज बंद ठेवून आलेला. त्याच्या दुकानात खोबऱ्याची पोती असतात, पण ते खोबरं आणि हे खोबरं वेगळं. तो आईला एक शब्द बोलला नाही. त्याचं न बोलणं फार ऐकू येतं. अव्वा भिंतीकडं तोंड करून बसली. सौंदर्या खिडकीच्या कट्ट्यावर. आणि मी? मला राग यायला पाहिजे होता, रडू यायला पाहिजे होतं, आणि माझ्या तळहातांना मुंग्या येत होत्या, पाय एका जागी राहत नव्हते, कारण अजून आज होऊ शकत होतं. गेले आठ-पंधरा दिवस मला हे झालं होतं. भीती होती, नव्हती असं नाही. पण तिच्या आतून दुसरंच काहीतरी उसळत होतं, ज्याला घरात कुठं ठेवावं कळत नव्हतं. काल मी साडीला इस्त्री केली. पोरीला भूल द्यायची आणि आई इस्त्री करते! लग्नाला निघाल्यासारखी मी आज इथं आले होते, आणि ही गोष्ट जगात कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

कारण मला ते आतलं काम बघायचं होतं. बघायला मिळणार नव्हतं हे ठाऊक असूनही. पहिल्यांदा दुखलं तेव्हा ती दुसरीत होती, शाळेच्या मैदानावर लेझीम चालू असताना खाली बसली आणि गुडघे पोटाशी घेऊन तशीच आडवी झाली. मग सुरू झालं. एक म्हणाला जंत. एक म्हणाला गॅस. एक म्हणाला शाळेचा ताण, पोरगी हुशार दिसते, अशांना होतंय. अव्वानं मीठमोहऱ्या ओवाळल्या, चुलीवर टाकल्या, तडतडल्या की ‘बघ, केवढी दृष्ट हुती’ म्हणाली. शेजारीण म्हणाली नाटक करती. दुखणं यायचं आणि चार दिवसांनी जायचं, आणि गेलं की सगळ्यांना वाटायचं की ते नव्हतंच. फक्त सौंदर्याला आणि मला ठाऊक की ते जात नाही, दाराआड उभं राहतं. ती जेवायला बसायची तेव्हा ताटाकडं असं बघायची, जसं आपण अनोळखी कुत्र्याकडं बघतो. चावेल का, नाही चावणार. मी नववीत शाळा सोडलेली बाई. पण लसूण सोलता सोलता फोन भिंतीला टेकवून ठेवायचे आणि वाचायचे, ऐकायचे, कळेना ते पुन्हा ऐकायचे. आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीतसुद्धा. माणूस पुन्हा पुन्हा एकच शब्द म्हणत असेल तर तो एक दिवस कळतोच. एका रात्री मल्लेश पाणी प्यायला आला आणि माझ्या फोनवर लालभडक ओली गुहा आणि तिच्यात सरकणारी तार. “सिनमा बघतीयास काय?” म्हणाला. मी म्हटलं, “व्हय. तुमी पण बसा की.” तो उभ्यानंच थोडा वेळ बघत राहिला आणि पाणी न पिताच गेला.

मग एका मोठ्या मशीनमध्ये घालून तिचा फोटो काढला आणि डॉक्टरांनी तो उजेडाला धरला, तेव्हा मी खुर्ची सोडून जवळ गेले. काळ्या अंधारात एक पांढरं झाड, उलटं, कारण ह्यात रस मुळांतून वर न चढता फांद्यांतून खाली येतो. वर यकृतात बारीक बारीक फांद्या, त्या एकमेकींत मिळत मिळत खाली एका खोडाला येतात, आणि आडवी एक सुतासारखी नळी, स्वादुपिंडातली, शेवटी येऊन त्या खोडाशी मिळते. माझ्या पोरीच्या पोटात हे होतं. मी नऊ महिने तिला पोटात वागवलं आणि मला कुणी सांगितलं नाही की आत असलं काही विणलं जातंय. डॉक्टरांनी बोट ठेवलं. त्या सुतात एके ठिकाणी काळा ठिपका होता, आणि ठिपक्याच्या मागं सूत फुगलं होतं. “हा खडा. ह्याच्यामुळं रस अडतो, मागं तुंबतो, म्हणून दुखतं.” मल्लेशनं मान खाली घातली. मी मात्र तिथंच, डॉक्टरांसमोर, हसले. दोन वर्षं ज्याला सगळे नाटक म्हणत होते, त्याला जागा होती. बोट ठेवता येत होतं. घरी येताना रिक्षात मी रस्त्यावरच्या माणसांकडं बघत होते. दसरा चौकातला पोलीस, शेंगा विकणारी बाई, शाळेतून सुटलेली पोरं, आमचा रिक्षावाला, ज्यानं मान वळवून “कुठं घेऊ पावणं” विचारलं. प्रत्येकाच्या आत ते पांढरं झाड, उलटं वाहणारं, आणि एकालाही पत्ता नाही! सगळं कोल्हापूर झाडं घेऊन फिरतंय. मला खदखदून हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी. मल्लेशला वाटलं मी रडते. त्यानं माझा हात धरला, जो तो सहसा धरत नाही, आणि मी त्याला तसंच वाटू दिलं.

“कुठनं घालत्यात ती तार?” बाकाच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला. अव्वा भिंतीकडंच बघून बोलत होती. इतक्या दिवसांत तिनं एकदाही विचारलं नव्हतं. तिच्या मते हे सगळं डॉक्टरांनी काढलेलं खूळ, आणि मी त्या खुळाची पुजारीण. “तोंडातनं,” मी म्हटलं. “न कापता?” “न कापता. पोटावर टाका नाही की काही नाही. दुर्बीण घशातनं जठरात, जठरातनं पुढं आतड्यात. तिथं तीळ असावा तसा एक उंचवटा असतोय. त्याच्या टोकाला बारीक भोक. त्या भोकातनं तार सरकवायची.” ती वळली. “आणि दिसतंय कसं?” “दुर्बिणीच्या टोकाला दिवा असतोय. आणि आतल्या नळीत औषध सोडून एक्सरेत बघतात.” अव्वा माझ्याकडं बघत राहिली, आणि मग मला एकदम सुचलं, किंवा सुचलं कुठं, ते माझ्या हातातच होतं. माझे वडील बाळाप्पा कबनूरला वहिफणीचं काम करायचे. मागावर नवा बीम, म्हणजे सुताचा मोठा रूळ, चढला की त्याचा एकेक धागा ओवायचा, आधी वहीच्या, म्हणजे उभ्या तारेच्या, डोळ्यातनं, मग फणीच्या घरातनं, हजारो धागे, पाठ वाकवून. मी लहानपणी समोर बसून धागा हातात द्यायचे आणि ते आकडी पलीकडून घालून ओढून घ्यायचे. एक धागा चुकला की सगळ्या कापडभर लांब रेघ पडते. मी अव्वाचा हात ओढून घेतला, तिच्या तळव्याची मूठ करून बोटांच्या फटीत माझ्या पदराचं सूत घालून दाखवलं. “असं. जोर केला की सूत वाकतंय. जोर करायचाच नाही. भोकासमोर धरून थांबायचं, आणि ते आपसूक आत जातंय.” अव्वानं मुठीत गेलेलं सूत बघितलं. “मग तुझ्या बापालाच बोलवायचा हुता की,” ती म्हणाली, “पुण्यास्नं कशाला माणूस आणला?” आणि सौंदर्या खिडकीतून खो खो हसली. मल्लेशसुद्धा. त्याच्या न बोलण्याला तिथं भोक पडलं.

पण हसणं संपल्यावर अव्वाचा हात माझ्या हातातच राहिला. “शिवलीला,” ती मला हळू म्हणाली, म्हणजे तिच्या मानानं हळू, पलीकडच्या बाकावर ऐकू गेलंच, “मी डोंगर चढून गेलतो तिच्यासाठी. गुडघा धरून धरून. आता मोकळ्या हातानं यायचं व्हय?” ती डोंगर चढली, मी फोन चढले. दोघींनी जे हाताला लागलं ते पोरीच्या तोंडाशी आणलं. “चहा घ्या अव्वा,” मी म्हटलं. “पोरीला पाणी न्हाय आणि मी चहा पिऊ?” तिनं दटावलं, आणि तिचा जुना आवाज परत आला, तेव्हा मला बरं वाटलं.

दुपार सरकत होती. जिन्यावरून माणसं वर येत, खाली जात. ऑपरेशनच्या दारावरचा लाल दिवा लागे, विझे, पुन्हा लागे, आणि दर वेळी विझला की मी अर्धी उठे, आमचं नाव येईल म्हणून, आणि दुसरंच नाव येई. मी मनातल्या मनात त्या डॉक्टरांना पुढं ढकलत होते. आधीच्या माणसांच्या नळ्या सरळ निघोत, त्यांचे खडे पटकन सुटोत, डॉक्टरांना कुणी चहाला बोलावू नये, पुण्याचा रस्ता मोकळा असो, मग घाई नको. अनोळखी पोटांसाठी मी एवढी प्रार्थना जन्मात केली नव्हती. सौंदर्याला भूक लागली होती पण ती सांगत नव्हती. ओठ चाटत होती. मी मधेच उठून आरशासमोर गेले तर माझे गाल लाल. चाळिशीला आलेल्या बाईचे! मला स्वतःची भीती वाटली. असं वाटलं की ह्या हुरूपालाच दृष्ट लागेल, की जास्त आनंदानं वाट बघितली की दार उघडत नाही. मी पाण्याचा हबका मारला. गाल तसेच.

आणि मग तेजस्वी मॅडम स्वतः आल्या. हिरवी टोपी, मास्क हनुवटीखाली. “चला सौंदर्याबाई,” म्हणाल्या, “पोट झालं मोकळं तुमचं. सर थांबलेत.” मी उठले ती पदर बाकाच्या खिळ्यात अडकून फाटला, तरी थांबले नाही. मला आत, ती झोपेपर्यंत, यायला परवानगी होती. खोली थंड होती, आणि मी बघितलेल्या सगळ्या खोल्यांपेक्षा लहान. पडदा, सगळी दृश्यं जिथं उमटतात तो, काळा होता. पुण्याचे डॉक्टर अंगावर शिशाचा जड झगा चढवत होते, दिवसभराच्या कामानं डोळे बारीक झालेले. “काय गं, प्रसाद आणला नाहीस मला?” त्यांनी विचारलं. सौंदर्या म्हणाली, “आज्जीनं सगळा मलाच दिला,” आणि मास्क तिच्या तोंडावर आला. “डॉक्टर, तार किती...” ती मास्कमधून म्हणाली आणि झोपली. तिचा हात माझ्या हातात एकदम जड झाला. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, की झोपताना ती इतकी जड होईल. क्षणभर माझा सगळा उत्साह कुठं गेला कळेना. मी नुसती एक बाई होते आणि माझं मूल टेबलावर होतं. “आई, आता बाहेर. एक्सरे आहे,” डॉक्टर म्हणाले. मी काळ्या पडद्याकडं एकदा बघून बाहेर आले.

बाहेर मला बसता आलं नाही. हात आपोआप चालत होते. हवेत, पोटाच्या उंचीवर, धागा पुढं धरायचा, थांबायचं, धागा पुढं धरायचा, थांबायचं. मल्लेशनं बघितलं. आधी त्याला वाटलं मला काही झालंय. मग तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि काही न विचारता त्यानं आपले दोन्ही हात माझ्या हातांसमोर धरले, पलीकडून धागा घेणाऱ्यासारखे. आम्ही दोघं त्या बोळात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, नसलेलं सूत ओवत उभे होतो. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही एवढे जवळ उभे राहिल्याचं मला आठवत नाही. अव्वा आमच्याकडं बघून कपाळाला हात लावणार असं वाटलं. तिनं लावला नाही. ती डोळे मिटून पुटपुटत होती. जोतिबाला सांगत असेल, की जोर करू नको, भोकासमोर धरून थांब.

लाल दिवा विझला. डॉक्टर बाहेर आले, टोपी काढलेली, केस घामानं चिकटलेले. “तार आधी जात नव्हती,” ते म्हणाले, “तोंड फार बारीक होतं. चार वेळा वाकली. पाचव्यांदा गेली. खडा निघाला, चुरा धुऊन काढलाय. आत एक छोटी प्लॅस्टिकची नळी ठेवलीय, रस मोकळा राहावा म्हणून. काही आठवड्यांनी ती काढायला पुन्हा यावं लागेल.” मल्लेशनं त्यांचे दोन्ही हात धरले. मी धरले नाहीत, कारण ते अजून बोलत होते आणि मला ते पुढचं माहीत होतं. “आता एकच. कधीकधी ह्या कामानंच स्वादुपिंड चिडतं. नेहमीचं ते दुखणं पुन्हा सुरू होतं. म्हणून ती उठली की लगेच विचारा. पोट दुखतंय म्हणाली तर सिस्टरना सांगा, वाट बघू नका.” आणि ते गेले, कारण बाहेर गाडी उभी होती.

तर आता सगळं त्या एका प्रश्नावर येऊन ठेपलं. आम्ही तिघं तिच्या कॉटभोवती. ती फिकट, ओठ सुकलेले, गालावर चिकटपट्टीचा लाल चट्टा. मल्लेश पायांशी, अव्वा उशाशी, मी तिच्या हाताशी. पापण्या हलल्या. डोळे उघडले, मिटले, उघडले. आणि तिचा हात, सुईचा हात, गादीवरून सरकत सरकत पोटाकडं गेला. दोन वर्षं मी तो हात तसा जाताना बघितलाय. तो गेला की मागोमाग गुडघे वर येतात. अव्वानं माझा खांदा धरला, इतका घट्ट की मला नंतर वळ दिसले. “सौंदर्या,” मी म्हटलं, “दुखतंय?”

तिच्या भुवया जवळ आल्या. हात बेंबीच्या वर थांबला, मग डावीकडं गेला, मग पाठीकडं, जिथं ते नेहमी वळसा घालून जायचं. ती शोधत होती. अंधारात आपल्याच घरात खुर्ची कुठं होती ती चाचपावी, तशी. “थांब,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, “बघतो, हाय काय,” आणि डोळे मिटून घेतले. गुडघे सरळच होते. मी गुडघ्यांकडं बघत होते. सिस्टर दाराशी येऊन थांबली होती. मग सौंदर्यानं डोळे उघडले, चेहरा वाकडा केला, आणि पोटावरचा हात उचलून गळ्याशी नेला.

“हितं दुखतंय,” ती म्हणाली. “घसा.”

आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलं. “आणि पोट?” मल्लेशनं विचारलं. “पोट न्हाय. घसा म्हटलो न्हवं!” ती चिडून म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, कारण घसा खरंच दुखत होता, एवढी मोठी दुर्बीण त्यातून गेली होती. आणि मी, तिची आई, पोरीच्या डोळ्यांत पाणी असताना, तोंडावर फाटका पदर धरून हसायला लागले. थांबवता येईना. मल्लेश सिस्टरना “घसा दुखतोय म्हणती, घसा!” असं पेढे वाटणाऱ्या माणसासारखं सांगत होता. अव्वा तर बोळात गेली आणि दिवसभर ज्या अनोळखी माणसांकडं तिनं पाठ केली होती त्या सगळ्यांना, बाकाबाकाशी थांबून, मोठ्यानं सांगायला लागली, “आमच्या पोरीचा घसा दुखतोय बगा! नुसता घसा!” आणि पलीकडच्या बाकावरचा एक म्हातारा, ज्याला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं, काळजीनं म्हणाला, “मग हळद-दूध द्या की तिला, मावशी.”